थायोमार्गारिटा मॅग्निफिका

कॅरिबियन समुद्रातील ग्वादलूप बेटांवर, खारफुटीच्या कुजणाऱ्या पानांवर आढळणारा तंतुरूप गंधक-जीवाणू. त्याची एक पेशी सरासरी ९ मिमी.हून अधिक लांब असते. नोंदलेली कमाल लांबी २ सेंमी. म्हणजे सूक्ष्मदर्शकाशिवाय सहज दिसेल इतकी आहे. आतड्यातल्या परिचित ई. कोलाय जीवाणूची लांबी सुमारे २ मायक्रोमीटर (मिमी.चा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रोमीटर) भरते, म्हणजे हा त्याच्या हजारो पट झाला.

‘थायो’ हे गंधकवाचक ग्रीक पद आणि ‘मार्गारिटा’ म्हणजे लॅटिनमध्ये मोती. हे प्रजातिनाम मुळात नामिबियाच्या किनाऱ्यालगतच्या गाळात सापडलेल्या आणि १९९९ मध्ये वर्णन झालेल्या थायोमार्गारिटा नामिबिएन्सिस या जातीचे. तिच्या गोल पेशी माळेतल्या मोत्यांसारख्या ओळीने दिसतात. ग्वादलूपची जात पांढऱ्या दोऱ्याच्या तुकड्यासारखी असल्याने तिला हे नाव केवळ नात्याने मिळाले आहे. प्रयोगशाळेत तिचे शुद्ध संवर्धन न झाल्याने नावाआधी ‘कॅन्डिडाटस’ हे तात्पुरतेपणा दाखवणारे विशेषण लावतात. वर्गीकरणात ती गॅमा-प्रोटिओबॅक्टेरिया वर्गात, बेजिआटोआ या गंधक-जीवाणूच्या गोतावळ्यात मोडते.

शोधाचे वर्ष निरनिराळे दिले जाते. जीवशास्त्रज्ञ ऑलिव्हिए ग्रो यांना हे तंतू २००९ च्या सुमारास तांबड्या कांदळाच्या बुडालेल्या पानांवर दिसले. आकारामुळे प्रथम ते बुरशीचे किंवा अन्य दृश्यकेंद्रकी (पेशीत केंद्रक असलेल्या) जीवाचे वाटले. पुढे सिल्विना गोन्झालेझ-रिझो यांनी रायबोसोमच्या (पेशीत प्रथिने बनवणाऱ्या कणाच्या) आरएनए-जनुकाचा क्रम तपासला, तेव्हा हा जीवाणू असल्याचे कळले. पेशीरचनेचे सविस्तर वर्णन झां-मारी वोलां व सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात केले. तंतू दिसणे आणि जात ओळखली जाणे यांत फरक करायचा झाल्यास २०२२ हेच वर्ष धरणे रास्त ठरेल.

एक पेशी की पेशींची माळ, हा येथील कळीचा मुद्दा. कित्येक गंधक-जीवाणूंचे लांबलचक तंतू पूर्वीपासून माहीत आहेत, पण ते शेकडो-हजारो पेशी एकापुढे एक जोडून बनलेले असतात. त्यामुळे नुसत्या लांबीने काहीच सिद्ध होत नाही. क्ष-किरण त्रिमितीय चित्रण, अनुदीप्त रंजकांसह सूक्ष्मदर्शन आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शन अशा वेगवेगळ्या मार्गांनी तंतू तपासले, तेव्हा जवळजवळ संपूर्ण लांबीत आडवा पडदा आढळला नाही. पडदा तयार होतो तो केवळ मुक्त टोकाशी, जेथे कलिका (सुटून नवे तंतू बनणारे तुकडे) आवळल्या जातात.

एवढी मोठी पेशी चालते कशी? जीवाणूत पदार्थांची ने-आण मुख्यतः विसरणाने (रेणू आपोआप पसरण्याने) होते आणि विसरणाला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. अंतर दहापट झाले की वेळ शंभरपट. जीवाणू लहानच राहतात याचे नेहमीचे स्पष्टीकरण हेच. या जातीने ते खोटे पाडलेले नाही, बगल दिली आहे. पेशीच्या आकारमानाचा सुमारे ७३ टक्के भाग एका मध्यवर्ती रिक्तिकेने (द्रवाने भरलेल्या पोकळीने) व्यापलेला असतो. जिवंत जीवद्रव्य तिच्याभोवती जेमतेम ३ मायक्रोमीटरच्या आसपास जाडीच्या थरात राहते. पेशी लांब आहे, पण तिचा कोणताही कार्यरत भाग कडेपासून दूर नाही. नामिबियाच्या जातीतही हीच युक्ती आहे.

खरे वेगळेपण डीएनएच्या मांडणीत आहे. जीवाणूंत डीएनए सहसा जीवद्रव्यात उघडा असतो. येथे तो रायबोसोमांसह पटलाने वेढलेल्या असंख्य बारीक पुटिकांत (पिशव्यांत) बंदिस्त असतो. फळातल्या बियांच्या साम्यावरून त्यांना ‘पेपां’ हा फ्रेंच शब्द दिला गेला. जनुकसंच सुमारे १.२ कोटी आधार-जोड्यांचा, ११ हजारांहून अधिक जनुकांचा असून त्याच्या दर मिलिमीटरला सरासरी ३७ हजार प्रती मोजल्या आहेत. २ सेंमी. लांबीच्या पेशीत ही संख्या सात लाखांवर जाते. पेशीच्या दूरच्या टोकापर्यंत प्रथिने पाठवण्याऐवजी ती जागोजाग तयार करण्याची ही सोय असावी. पटलांवर एटीपी हा ऊर्जावाहक रेणू तयार करणारी विकरेही आढळल्याने ऊर्जानिर्मितीही विखुरलेली दिसते.

पेपांमुळे काहींनी या जीवाणूला आदिकेंद्रकी (केंद्रक नसलेले) व दृश्यकेंद्रकी यांमधला दुवा म्हटले. डीएनए पटलात बंद असणे एवढेच साम्य पाहिले तर तसे वाटणे साहजिक आहे. परंतु केंद्रकात रायबोसोम प्रथिननिर्मिती करत नाहीत आणि पेपांत तर रायबोसोम डीएनएशेजारीच असतात. शिवाय दृश्यकेंद्रकींचे नाते आर्किया या जीवाणूंहून वेगळ्या सूक्ष्मजीवांच्या गटाशी जुळते, या जीवाणूच्या वंशाशी नव्हे. त्यामुळे पेपां ही स्वतंत्रपणे उद्भवलेली रचना मानणे अधिक सयुक्तिक. जेमाटा या जीवाणूच्या डीएनएभोवतालच्या पटलांवरूनही असाच वाद झाला होता आणि नंतरच्या निरीक्षणांनी केंद्रकाची तुलना बरीच सैल केली, हे येथे ध्यानात घ्यावे.

पोषण गंधकाच्या ऑक्सिडीकरणावर चालते. गाळातून येणारा हायड्रोजन सल्फाइड आणि पाण्यातला ऑक्सिजन हे दोन्ही मिळतील अशा सीमेवर तंतू उभे असतात. साठलेल्या गंधकाचे कण प्रकाशात चकाकतात, म्हणून तंतू पांढरे दिसतात. जनुकसंचात कार्बन डाय-ऑक्साइड स्थिरीकरणाची जनुके आहेत.

तंतूचे बूड पानाला चिकटलेले असते. मुक्त टोकाकडील कलिका सुटून पाण्यात जातात व नवे तंतू बनतात, असा जीवनक्रम मानला जातो. पेशीविभाजनाची काही नेहमीची जनुके नाहीत आणि लांबी वाढवणाऱ्या काही जनुकांच्या जादा प्रती आहेत. तंतूंच्या पृष्ठभागावर इतर जीवाणू जवळपास नसतात. जनुकसंचाचा मोठा हिस्सा दुय्यम चयापचयजांच्या (वाढीसाठी थेट आवश्यक नसलेल्या द्रव्यांच्या) निर्मितीला वाहिलेला असल्याने त्यांतील काही द्रव्ये प्रतिजैविकासारखी काम करत असावीत, असा तर्क आहे.