'खूप'ला इंग्रजीत काय? मजकूर तपासायला देण्याआधी एवढं वाचा

आमच्याकडे इंग्रजी मजकूर तपासायला देणाऱ्या बहुतेकांना व्याकरण चांगलं येतं. अर्ज, अहवाल, प्रबंधाची प्रकरणं, सगळं मेहनतीनं लिहिलेलं असतं. तरी गाडी एकाच जागी अडते: 'खूप', 'पुष्कळ', 'भरपूर' यांना इंग्रजीत कोणता शब्द? फोनवर हेच सांगून सांगून शेवटी ते छापून ठेवलं.

मराठीत 'खूप' कशालाही चालतं. खूप माणसं, खूप पाणी. इंग्रजीत आधी ठरवावं लागतं, गोष्ट मोजायची आहे की मापायची. मोजायची असेल तर 'मेनी' किंवा 'अ लार्ज नंबर ऑफ'. मापायची असेल तर 'मच', 'अ ग्रेट डील ऑफ' किंवा 'अ लार्ज अमाउंट ऑफ'. 'अ लॉट ऑफ' आणि 'प्लेंटी ऑफ' दोन्हीकडे चालतात. मात्र 'प्लेंटी ऑफ'मध्ये 'पुरून उरेल इतकं' अशी छटा आहे. 'मच' नकारार्थी वाक्यात आणि प्रश्नात शोभतं, साध्या होकारार्थी वाक्यात अवघडल्यासारखं वाटतं.

मराठी माणसाच्या हाताशी एक चांगली कसोटी आहे. 'खूप'च्या जागी 'अनेक' लावून बघा. 'अनेक माणसं' बसतं, म्हणून 'मेनी पीपल'. 'अनेक पाणी' कोणी म्हणत नाही, म्हणून तिथे 'मेनी' नाही. 'माहिती'चंही तसंच. 'माहित्या' आपण म्हणत नाही, मग 'इन्फॉर्मेशन'ला 'एस' कशाला लावायचा?

पण ही कसोटी काही शब्दांपाशी फसते आणि आमचा सगळ्यात जास्त वेळ तिथेच जातो. आपण अनेक उपकरणं, अनेक सल्ले, अनेक पुरावे, अनेक बातम्या अगदी सहज म्हणतो. इंग्रजीत मात्र 'इक्विपमेंट', 'अ‍ॅडव्हाइस', 'एव्हिडन्स', 'न्यूज' हे मापायचे शब्द. 'फर्निचर', 'लगेज', 'सॉफ्टवेअर', 'फीडबॅक' यांना तर मराठीतही अनेकवचन नाही, तरी लिहिताना त्यांना 'एस' चिकटतोच.

'एक एस काढायला इतका वेळ का?' असं विचारतात, म्हणून एक वाक्य उघडूनच दाखवतो. 'मेनी इक्विपमेंट्स वेअर बॉट. दे आर न्यू.' यातला 'एस' काढला की 'मेनी' जातं, 'वेअर'चं 'वॉज' होतं, पुढच्या वाक्यातलं 'दे आर' जाऊन 'इट इज' येतं. परिच्छेद मोठा असेल तर प्रत्येक 'दीज' आणि 'देम' शोधावं लागतं. त्यातून लिहिणाऱ्याला खरोखर नगांची संख्या सांगायची असेल, तर हे सगळं न बदलता 'मेनी पीसेस ऑफ इक्विपमेंट' करणं बरोबर ठरतं. दोन्ही दुरुस्त्या शुद्धच आहेत. तुमच्या मनात कोणता अर्थ होता ते तुम्हालाच ठाऊक. म्हणून आम्ही फोन करतो. काहींना त्याचा कंटाळा येतो. पण अंदाजानं बदललेला अर्थ तुमच्या सहीखाली जावा, हे आम्हाला पटत नाही.

'अ नंबर ऑफ स्टुडंट्स' म्हणजे बरेच विद्यार्थी, पुढे 'आर'. 'द नंबर ऑफ स्टुडंट्स' म्हणजे विद्यार्थ्यांची संख्या, पुढे 'इज'.

'क्वाइट अ फ्यू'ला जपा. एका ग्राहकांनी 'थोड्याच तक्रारी आल्या' हे सांगायला 'क्वाइट अ फ्यू कम्प्लेंट्स' लिहिलं होतं. त्याचा अर्थ बऱ्याच तक्रारी आल्या असा होतो. व्याकरणात चूक नसल्यामुळे संगणकाच्या साध्या व्याकरण-तपासणीत हे सहसा सापडत नाही. आमच्याकडे माणूस मजकूर वाचतो, त्याला पुढचं-मागचं बघून शंका येते.

आता आकडे. नेमका आकडा असेल तर 'टू हंड्रेड', 'फाइव्ह मिलियन', 'एस' नाही. मोघम सांगायचं असेल तर 'हंड्रेड्स ऑफ', 'मिलियन्स ऑफ'. मिलियन म्हणजे 10 लाख, बिलियन म्हणजे 100 कोटी, ट्रिलियन म्हणजे एक लाख कोटी. 25 लाखांचे 2.5 मिलियन होतात, आणि स्वल्पविरामही 25,00,000 वरून 2,500,000 असे सरकतात. एकाच अहवालात दोन्ही पद्धती मिसळल्या तर वाचणारा प्रत्येक आकड्यापाशी थांबतो. जुन्या ब्रिटिश पुस्तकातून आकडा घेत असाल तर आणखी काळजी घ्या: तिथे बिलियन म्हणजे बहुधा दहा लाख गुणिले दहा लाख. ब्रिटिश सरकारनं 1974 मध्ये हजार मिलियनचा अर्थ स्वीकारला. जर्मनमधलं 'बिलियोन' आजही जुन्याच मापाचं आहे.

काही शब्दांना आम्ही हात लावत नाही, आणि 'हे राहिलं का?' म्हणून विचारणा होते. 'अ मिरियड ऑफ' (असंख्य) चुकीचं नाही; नाम म्हणून तो वापर विशेषणापेक्षा जुना आहे. 'डेटा'पुढे शास्त्रीय लेखनात 'आर' चालतं, एरवी 'इज'. तुमच्या संस्थेची जी रीत असेल ती आम्ही पूर्ण मजकुरात सारखी ठेवतो. औपचारिक अहवालातलं 'लॉट्स ऑफ' मात्र न विचारता बदलतो.

मजकूर देताना सोबत तीन गोष्टी लिहून द्या: आकडे लाख-कोटीत हवेत की मिलियनमध्ये, 'डेटा'ची तुमची रीत कोणती, आणि जिथे 'खूप' म्हणायचं आहे तिथे मनात संख्या आहे की प्रमाण. शेवटचं सुचत नसेल तर त्या ओळीशेजारी मराठीतच वाक्य लिहा. एवढं हातात असलं की बहुतेक वेळा फोन करावा लागत नाही आणि मजकूर लवकर परत मिळतो. आधी आमचं काम बघायचं असेल तर एखादं पान पाठवा. प्रत्येक बदलाशेजारी कारण लिहून ते परत करू.