एका खुनाचे मोल : 66 गाई आणि वर दोन तृतीयांश

‘पूर्वीच्या राजांचा धाक बघा, गुन्हा केला की थेट फाशी!’ असे संदेश मोबाइलवर फिरत असतात. ते खरे वाटणाऱ्यांनी मध्ययुगीन स्कॉटलंडचा कायदा चाळावा. फाशी तिथेही होतीच, पण खुनाचा निकाल गोठ्यातही लागत असे.

‘ब्रेट आणि स्कॉट (तिथले दोन जनसमूह) यांचे कायदे’ या जुन्या संहितेत मारल्या गेलेल्या माणसाच्या दर्जाप्रमाणे भरपाई ठरलेली आहे. तिला ‘क्रो’ म्हणत. राजाचा क्रो 1000 गाई, अर्ल या बड्या उमरावाचा 150, थेन या सरदाराचा 100, साध्या शेतकऱ्याचा 16. थेनच्या मुलाचा मात्र 66 गाई आणि एका गाईचा दोन तृतीयांश!

आता हा अपूर्णांक द्यायचा कसा? 100 चे दोन तृतीयांश म्हणजे 66⅔. त्याचे पुन्हा दोन तृतीयांश केले की येतात 44 पूर्णांक चार नवमांश. आणि थेनच्या नातवापुढे संहितेत लिहिले आहे, 44 गाई आणि वर 21 पेनींहून थोडे जास्त. म्हणजे चार नवमांश गाय 21 पेनींच्या जरा वर, तर अख्खी गाय साधारण 48 पेनींची. अपूर्णांक नाण्यांत चुकता होई. गाय हे हिशेबाचे माप होते.

हे माप नाण्यापेक्षा टिकाऊ निघाले. 14व्या शतकाच्या मध्यापर्यंत स्कॉटिश पेनी इंग्लिश पेनीच्या तोलाची होती. पुढे टांकसाळ तेवढ्याच चांदीतून जास्त नाणी पाडत गेली आणि 1603 मध्ये एका इंग्लिश पौंडाला 12 स्कॉटिश पौंड मोजावे लागत. पेनीत लिहिलेला दंड आकडा न बदलताच हलका होतो. गाईचा भावही दुष्काळात, रोगराईत हलतो, पण तो टांकसाळीच्या हातात नसतो.

तेव्हा स्कॉटलंडवर ताबा असलेल्या इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने 1305 मध्ये हे रिवाज बंद केले. तरी मृताच्या नातलगांना भरपाई देण्याची कल्पना ‘असिथमेंट’ या नावाने स्कॉटिश कायद्यात उरली. ती रद्द झाली थेट 1976 मध्ये.

क्रो ठरताना दर्जा बघत तो मेलेल्याचा. देवाच्या नावाने शपथा आणि शिव्याशाप देण्याविरुद्धच्या 1551 च्या कायद्यात तो गुन्हेगाराचा झाला. सुरुवातीचा दंड असा: बिशप किंवा अर्लला 12 पेनी, बॅरनला 4, जमीनदाराला 2, नोकराला 1. बायकांचा दंड नवऱ्याच्या किंवा घराण्याच्या पायरीवरून. ज्याच्याकडे काहीच नाही, तो चार तास खोड्यात.