गच्चीवरची छत्री आणि फोनमधलं वेव्हज

रामबागेतल्या आत्याने विचारलं, "अरे, फोनवर दूरदर्शनचं वेव्हज आलंय, मग गच्चीवरची छत्री काढून भंगारात देऊ का?" म्हटलं, आत्या, थांब. हा घोळ इंदूरच्या बऱ्याच मराठी घरांत आहे. दोन्ही प्रसार भारतीचीच, दोन्हींना लोक 'फुकटवालं' म्हणतात, पण कामं अगदी वेगळी.

छत्री म्हणजे डीडी फ्री डिश. डिसेंबर 2004 मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली. डिश आणि बॉक्सचे पैसे एकदाच, पुढे रिचार्ज नाही, इंटरनेट तर लागतच नाही. सिग्नल 93.5 अंश पूर्वेच्या जीसॅट-15 उपग्रहावरून येतो. त्याला राज्याची सीमा नसते, म्हणून मुंबईची सह्याद्री वाहिनी इंदुरातही तशीच दिसते. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्याला याचं मोल फार. इंदूरहून हा उपग्रह आग्नेयेला येतो. त्या बाजूला झाड वाढलं की चित्र फुटतं, जोराच्या पावसातही जातं. खासगी वाहिन्या इथली जागा लिलावात घेतात, त्यामुळे यादी बदलत राहते. एखादी वाहिनी गायब झाली की आधी बॉक्स पुन्हा स्कॅन करावा. बॉक्स एमपेग-2 या चित्र पाठवायच्या जुन्या पद्धतीचा असेल तर एमपेग-4 या नव्या पद्धतीच्या वाहिन्या मात्र कितीही स्कॅन केलं तरी लागत नाहीत.

वेव्हज हे ॲप. 20 नोव्हेंबर 2024 ला गोव्याच्या चित्रपट महोत्सवात सुरू झालं. थेट वाहिन्या आहेत, पण खरी श्रीमंती दूरदर्शनच्या जुन्या कार्यक्रमांची. हवं ते, हवं तेव्हा लावा. मात्र नेट पॅक संपला की सगळं बंद, आणि काही गोष्टींना वर्गणीही आहे.

कार्यक्रमांचा फरक मला जास्त महत्त्वाचा वाटतो. छत्रीवर वेळ वाहिनी ठरवते, आणि म्हणून संध्याकाळी सातला बातम्यांसाठी सगळं घर एका खोलीत येतं. ॲपवर प्रत्येकाची वेळ वेगळी, प्रत्येकाचा पडदा वेगळा. चुकलेला भाग बघायला ॲप उत्तम, पण ज्येष्ठांच्या घरातून छत्री काढू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आत्याच्या गच्चीवर जांभळाची एक फांदी नेमकी आग्नेयेला आली होती. ती छाटली, बॉक्स स्कॅन केला. सातच्या आत सह्याद्री परत लागली.