'शनि. 12:30' म्हणजे नक्की कधी?

मागे एका शनिवारी सदाशिव पेठेत मावशीकडे दुपारी सव्वाबारालाच अठरा माणसं जमली होती. मावशीचं भजनी मंडळ एका मराठी चॅनेलवर झळकलं होतं, पण पहिल्यांदा दाखवलं तेव्हा अख्खं मंडळ आळंदीला, त्यामुळे कोणीच बघितलेलं नाही. मग रिपीट टेलिकास्टची वेळ मावसभावाने चॅनेलच्या वेबसाइटवर शोधली आणि स्क्रीनशॉट मारून ग्रुपवर टाकली, 'पुनःप्रक्षेपण शनि. 12:30'. साडेबारा वाजले, टीव्हीवर एक बाई भोपळा किसायचं यंत्र विकतीये. पाऊण झाला तरी बाई किसतेच आहे. मग कोणीतरी रिमोट घेऊन मागे-पुढे केलं तेव्हा कळलं की कार्यक्रम आदल्या रात्रीच होऊन गेला, ज्याला आपण सरळ शुक्रवारची रात्र म्हणतो त्या रात्री साडेबाराला. आम्रखंड मात्र व्यवस्थित संपलं.

वेबसाइटवाल्याचं तसं चुकलं नव्हतं. घड्याळात बारा वाजून गेले की शनिवार लागतो. पण आपल्या बोलण्यात अजून सूर्योदयाला वार बदलतो, पंचांगातही तसंच, आणि गंमत म्हणजे टीव्हीवाल्यांच्या कामाच्या तक्त्यातही बऱ्याचदा दिवस पहाटे कधीतरी उजाडतो, रात्री बाराला नाही. त्यात एएम-पीएम गाळलं की संपलंच. याच चॅनेलवर रोज सकाळी एक ज्योतिषीबुवा येतात, नवी गाडी 10 वाजून 42 मिनिटांच्या आत घ्या वगैरे सांगतात. गुरु-शनीला आपल्या गाडीच्या डिलिव्हरीशी काडीचं घेणंदेणं नाही, पण बुवा निदान सकाळ की रात्र ते तरी सांगतात!

तर मुद्दा असा की वेबपेजवर जे लिहिलेलं असतं ते माणसाने वाचायला असतं. 'शनि. 12:30' हे ठळक अक्षरात दाखव, टेबलाच्या तिसऱ्या रकान्यात दाखव, एवढंच ब्राउझरला सांगितलेलं असतं. ही वेळ आहे, ती एका कार्यक्रमाची आहे, तो कार्यक्रम अमुक चॅनेलवर आहे, यातलं काही मशीनला कळत नाही. ते कळावं म्हणून पानातच जी जादा खूण घालतात तिला सिमँटिक मार्कअप म्हणतात, अर्थ सांगणारी खूण म्हणा. कल्पना जुनी आहे. आरडीएफ नावाचं त्याचं व्याकरण 1999 मध्येच ठरलं, आणि 2001 मध्ये वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर त्यावर एक गाजलेला लेख लिहिला. त्यात आईच्या फिजिओथेरपीच्या अपॉइंटमेंट मुलांचे सॉफ्टवेअर एजंट आपसात बोलून ठरवतात असं चित्र होतं. ते चित्र काही तसं उतरलं नाही, भरपूर हवा होती त्यात. पण खालचं व्याकरण फार सुंदर आहे. प्रत्येक गोष्ट तीन तुकड्यांच्या वाक्यात सांगायची, कोण, काय नातं, कोणाशी. 'हा भाग' 'चा आहे' 'त्या मालिकेचा'. आणि या तिन्ही तुकड्यांना वेबवरचा एकेक कायमचा पत्ता द्यायचा, म्हणजे 'हा' म्हणजे कुठला यावर वाद नको.

आता मला यातली सगळ्यात आवडणारी गोष्ट. वेळापत्रकात नेमकं काय असतं? पटकन कोणीही सांगेल, कार्यक्रम असतात. चूक! आणि हे मराठी माणसाला समजवायला फार सोपं आहे कारण आपल्याकडे त्याला शब्दच आहे. पेपरातली नाटकाची जाहिरात आठवा, 'शनि. दु. 12:30 बालगंधर्व, रवि. सायं. 5:30 यशवंतराव, 212 वा प्रयोग'. नाटक एकच असतं, प्रयोग अनेक. नाटकाला लेखक असतो, दिग्दर्शक असतो, पण नाटकाला वेळ नसते आणि नाट्यगृहही नसतं. वेळ आणि नाट्यगृह असतं ते प्रयोगाला. 'नाटक रद्द झालं' आपण म्हणतो खरं, पण रद्द होतो तो प्रयोग, नाटक जागच्या जागी असतं. टीव्ही-रेडिओचं अगदी तेच आहे. भजनाचा तो भाग म्हणजे नाटक, आणि तो ज्या ज्या वेळी चॅनेलवरून गेला ती प्रत्येक वेळ म्हणजे प्रयोग. पहिला प्रयोग मंडळ आळंदीला असताना झाला, दुसरा आम्ही झोपेत असताना.

ही फोड सगळ्यात नीट केली ती बीबीसीने. 2007 मध्ये त्यांनी कार्यक्रमांची नवी साइट काढली, प्रत्येक कार्यक्रमाला एक छोटा सांकेतिक क्रमांक आणि कायमचं पान, प्रसारण झाल्यावरही पान राहणार. मागे जो आराखडा होता त्यात सगळ्यात वर ब्रँड, त्याखाली मालिका, त्याखाली भाग, इथपर्यंत कोणालाही सुचेल. पण भाग आणि प्रसारण यांच्यामध्ये त्यांनी अजून एक पायरी घातली, आवृत्ती. का? तर 'इन अवर टाइम' नावाचा त्यांचा रेडिओवरचा गप्पांचा कार्यक्रम गुरुवारी सकाळी अख्खा जायचा आणि त्याच रात्री कापून छोटा. भाग तोच पण जे ऐकू येतं ते वेगळं, म्हणजे दोन आवृत्त्या. कर्णबधिरांसाठीच्या हातांच्या खुणांच्या भाषेसकट दाखवला की ती अजून एक आवृत्ती. आपल्याकडे नाही का, तीन अंकी नाटक दोन अंकात बसवतात, तसंच. म्हणजे नाटक, त्याची रंगावृत्ती आणि प्रयोग. आणि चॅनेल म्हणजे नाट्यगृह. हे एकदा डोक्यात बसलं की 'हा भाग परत कधी लागणार' हा प्रश्न मशीनला विचारता येतो, कारण 'परत' म्हणजे काय ते आता त्याला माहिती आहे, भाग तोच, प्रसारण दुसरं.

पण खूण घालायची कुठे? इथे बीबीसीचीही फजिती झालीये. सुरुवातीला त्यांनी एचकॅलेंडर नावाची पद्धत वापरली, त्यात मशीनसाठीची लांबलचक तारीख-वेळ एका संक्षेपाच्या टॅगमध्ये, म्हणजे पानाच्या कोडमधल्या चिठ्ठीत, लपवायची. डोळसांना ती दिसत नाही, पण अंध लोक जे स्क्रीन रीडर वापरतात त्यातले काही ती मोठ्याने वाचायला लागू शकतात, 'आठ वाजता'च्या जागी दोन हजार आठ डॅश शून्य सहा डॅश असं काहीतरी. 2008 मध्ये त्यांनी ते सरळ काढून टाकलं. मला हा निर्णय फार आवडतो, मशीनची सोय करताना माणसाची गैरसोय नको.

आजकाल सोपं झालंय. 2011 मध्ये गूगल, बिंग आणि याहू यांनी मिळून स्कीमा डॉट ऑर्ग हा सामायिक शब्दकोश काढला, त्यात पुढे टीव्ही-रेडिओचे शब्द आले, 'ब्रॉडकास्ट इव्हेंट' म्हणजे आपला प्रयोग, 'ब्रॉडकास्ट सर्व्हिस' म्हणजे नाट्यगृह. आणि जेसन-एलडी या पद्धतीत ही सगळी माहिती पानात एका कोपऱ्यात गाठोडं बांधून ठेवता येते, वाचणाऱ्याला ना दिसते ना ऐकू येते. वेळ लिहायची ती अशी, आधी वर्ष, मग महिना, मग तारीख, मध्ये इंग्रजी टी हे अक्षर, मग 00:30, आणि शेवटी +05:30, म्हणजे ही वेळ जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढची. हे शेवटचं शेपूट सगळ्यात महत्त्वाचं. आमची ताई लेस्टरला असते, तिथे ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात, म्हणजे आपला रात्री साडेनऊचा कार्यक्रम तिला उन्हाळ्यात संध्याकाळी 5 ला आणि हिवाळ्यात 4 ला. शेपूट असलं की तिचा फोन हिशोब स्वतः करतो.

बरं, हे सगळं मावशीच्या टीव्हीखालच्या डब्याला आधीपासून येत होतं! डीव्हीबी नावाच्या डिजिटल टीव्ही प्रसारणाच्या पद्धतीवर चालणाऱ्या सेट टॉप बॉक्सला चित्राबरोबरच वेळापत्रकाचा तक्ता येतो, त्यात प्रत्येक कार्यक्रमाची सुरुवात 40 बिटांत असते, बिट म्हणजे 0 किंवा 1 चं एक घर. पहिले 16 बिट दिवसाचे, तेही 17 नोव्हेंबर 1858 हा शून्यावा दिवस धरून मोजलेले, उरलेले 24 तास-मिनिट-सेकंदाचे, प्रत्येक आकड्याला 4 बिट. वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते, म्हणजे आपला शनिवार 00:30 त्या तक्त्यात शुक्रवार 19:00 असा येतो आणि डबा त्यात साडेपाच तास मिळवून दाखवतो. (हे वाचून चक्कर आली असेल तर सोडून द्या, मलाही पहिल्यांदा आली होती.) रिमोटवरचं गाइडचं बटण दाबलं असतं तर काम झालं होतं, पण आम्ही स्क्रीनशॉटवर विश्वास ठेवला.

हे सांगितलं की कोणीतरी म्हणतंच, आता एआय आहे ना, तो वाचेल की पान, मार्कअप कशाला? अहो पण 'शनि. 12:30' वाचून एआय काय करणार, आमच्या अठरा जणांनी केलं तेच, अंदाज. फक्त तो जास्त आत्मविश्वासाने सांगेल. माहिती पानात लिहिलेलीच नसेल तर ती कोणाच्याच बापाला काढता येणार नाही.

मी नंतर घरी येऊन त्या चॅनेलच्या पानाचा सोर्स, म्हणजे पानामागचा कोड, उघडून बघितला. अर्थाची एकच खूण सापडली, हे पान 'लेख' आहे अशी, आणि त्याची तारीख साइट बनवली तेव्हाची. बाकी वेळापत्रक म्हणजे दर आठवड्याला तेच टेबल पुसून नवं लिहितात, भागाला स्वतःचं पान नाही, पत्ता नाही. मावशीला हे नाटक-प्रयोगाचं सगळं सांगितलं, तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "अरे पण मग माझा भाग आता आहे कुठे?"

चार दिवसांनी ताईला सापडला तो, लेस्टरमध्ये बसून. कोणीतरी टीव्हीसमोर मोबाइल धरून शूट केलेला, यूट्यूबवर, नाव 'नवीन व्हिडिओ 3', आणि मावशी डावीकडून दुसरी, निम्मी कापलेली.