मॉरिशसला जाताना: व्हिसा आधी काढावा लागत नाही, पण कागदपत्रे लागतातच

भारतीय पासपोर्टधारकाला पर्यटनासाठी मॉरिशसला जायचे असल्यास आधी व्हिसा काढावा लागत नाही. प्लेझान्स येथील सर शिवसागर रामगुलाम आंतरराष्ट्रीय विमानतळावर उतरल्यावर इमिग्रेशन अधिकारी कागदपत्रे पाहून पासपोर्टवर प्रवेशाचा शिक्का मारतात आणि त्यासाठी शुल्क आकारले जात नाही. या सोयीचा अर्थ अनेक जण असा लावतात की पासपोर्ट आणि तिकीट हातात असले की झाले. वास्तविक, व्हिसाच्या अर्जासोबत जी कागदपत्रे आपण वकिलातीत दिली असती, तीच येथे काउंटरवर दाखवायची असतात, आणि ती अपुरी असली तर प्रवेश नाकारण्याचा पूर्ण अधिकार त्या अधिकाऱ्याला आहे. मुंबईहून निघतानाही विमान कंपनीचे कर्मचारी बोर्डिंग पास देण्यापूर्वी हीच विचारणा करू शकतात, म्हणून तयारी घरूनच करून निघावे.

पासपोर्ट संपूर्ण मुक्कामाच्या काळात वैध असला पाहिजे. प्रवासाच्या दिवसापासून किमान ६ महिन्यांची मुदत शिल्लक असलेली बरी, कारण तेथील मुक्काम काही कारणाने लांबला तर अडचण येत नाही. त्याशिवाय परतीचे किंवा पुढच्या देशाचे निश्चित तिकीट, राहण्याच्या जागेचे आरक्षण आणि मुक्कामाचा खर्च भागेल एवढ्या पैशांचा पुरावा लागतो. हा खर्च प्रत्येक व्यक्तीमागे दिवसाला किमान १०० अमेरिकी डॉलर धरला जातो. पैसे रोखच हवेत असे नाही. आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू असलेले कार्ड आणि बँकेचे अलीकडचे खातेउतारे जवळ ठेवावेत. अल्पवयीन मूल आई किंवा वडिलांपैकी एकाबरोबरच प्रवास करत असेल, तर दुसऱ्या पालकाचे संमतिपत्र आणि मुलाच्या जन्मदाखल्याची प्रत सोबत असावी.

सर्वांत जास्त गोंधळ राहण्याच्या जागेबाबत होतो. मॉरिशसमध्ये मराठी वंशाची कुटुंबे पिढ्यानुपिढ्या राहत आहेत, गणेश चतुर्थीला तेथे सार्वजनिक सुट्टी असते, आणि त्यामुळे महाराष्ट्रातून जाणारे कित्येक जण हॉटेलात न उतरता स्नेह्यांच्या घरी उतरतात. अशा वेळी हॉटेलच्या आरक्षणाऐवजी यजमानाचे सही केलेले पत्र न्यावे. त्या पत्रात यजमानाचे पूर्ण नाव, घराचा पत्ता, फोन क्रमांक, पाहुण्यांची नावे आणि मुक्कामाच्या तारखा स्पष्ट लिहिलेल्या असाव्यात, आणि सोबत यजमानाच्या ओळखपत्राची व पत्त्याच्या पुराव्याची प्रत जोडावी. मी गेलो तेव्हा रांगेत माझ्यापुढे सत्तरीचे एक जोडपे होते. पत्ता आणि पत्र मुलाच्या मोबाइलवर, मुलगा दुसऱ्या रांगेत, आणि काकूंच्या पर्समध्ये फक्त गावाचे नाव लिहिलेली चिठ्ठी. अधिकारी अतिशय सौजन्याने वागत होते, तरी मुलगा सापडेपर्यंत दोघांना बाजूच्या बाकावर बसून राहावे लागले. सहा तासांच्या प्रवासानंतर वडीलधाऱ्यांना असे ताटकळावे लागू नये, यासाठी प्रत्येक प्रवाशाच्या हाती त्याच्या स्वतःच्या कागदांचा छापील संच द्यावा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

प्रवासापूर्वी ‘मॉरिशस ऑल इन वन ट्रॅव्हल डिजिटल फॉर्म’ ऑनलाइन भरावा. त्यात पासपोर्टचा तपशील, विमानाचा क्रमांक, मुक्कामाचा पत्ता आणि आरोग्यविषयक माहिती द्यावी लागते, आणि तो भरल्यावर ईमेलने क्यूआर कोड येतो. हा कोड छापून घ्यावा किंवा इंटरनेटशिवाय उघडेल असा मोबाइलमध्ये साठवून ठेवावा. फॉर्म मॉरिशस सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावर विनामूल्य भरता येतो. सरकारी वाटावीत अशी रचना करून त्यासाठी पैसे मागणारी संकेतस्थळे आहेत, त्यांच्यापासून सावध राहावे.

शिक्का मारताना अधिकारी मुक्कामाची मुदत नोंदवतात. ती तेथेच वाचून घ्यावी, कारण परतीच्या तिकिटाची तारीख त्या मुदतीच्या आत असणे ही प्रवाशाची जबाबदारी असते. पर्यटक म्हणून एका वर्षात जास्तीत जास्त १८० दिवस राहता येते. मुदत वाढवायची असल्यास ती संपण्यापूर्वी पोर्ट लुई येथील पासपोर्ट व इमिग्रेशन कार्यालयात अर्ज करावा लागतो. पर्यटक म्हणून प्रवेश घेऊन मोबदल्याचे कोणतेही काम करता येत नाही. कलापथकांनी आणि कीर्तनकारांनी हे विशेष लक्षात घ्यावे: मानधन असलेल्या कार्यक्रमासाठी बोलावणे आले असेल, तर आवश्यक परवानगीची चौकशी आयोजकांनी निघण्यापूर्वीच करून ठेवलेली असावी.

भारतातून थेट जाणाऱ्याला पीतज्वराच्या लसीचे प्रमाणपत्र लागत नाही. मात्र पीतज्वराचा धोका असलेल्या देशात राहून किंवा तेथे बराच वेळ थांबून जात असाल, उदाहरणार्थ केनिया फिरून मॉरिशसला, तर ते लागते. औषधांबाबत कायदा कडक आहे. झोपेच्या गोळ्या, मानसिक आजारावरील औषधे, ट्रॅमाडॉल किंवा कोडीन असलेली वेदनाशामके यांपैकी काही घेत असाल, तर परवानगी लागते का याची चौकशी आधी करावी. डॉक्टरांची चिठ्ठी आणि औषधाचे मूळ वेष्टन तर हवेच. ई-सिगारेट नेण्यास बंदी आहे. रोपे, बियाणे, ताजी फळे आणि फुले परवान्याशिवाय नेता येत नाहीत, आणि उसाचे कांडे किंवा उसाचा कोणताही भाग नेण्यास पूर्ण मनाई आहे. पूजेसाठी ऊस नेण्याची इच्छा होणे स्वाभाविक आहे. परंतु साखर हा त्या बेटाचा जुना मुख्य व्यवसाय असल्याने बाहेरून पिकावर रोग येऊ नये म्हणून हा नियम आहे, आणि तेथे ऊस सहज मिळतो.

पैशांच्या बाबतीत, भारतातून बाहेर जाताना २५,००० रुपयांपर्यंतच भारतीय चलन नेता येते आणि परकीय चलन रोख स्वरूपात एका प्रवासाला ३,००० डॉलरपर्यंत घेता येते. १२ फेब्रुवारी २०२४ पासून मॉरिशसमध्ये यूपीआय आणि रुपे कार्डाची सेवा सुरू झाली आहे, तरी छोटी दुकाने आणि बस यांसाठी मॉरिशसचे रुपये जवळ असावेत. १ ऑक्टोबर २०२५ पासून पर्यटक निवासात उतरणाऱ्या १२ वर्षांवरील परदेशी पाहुण्याकडून प्रत्येक रात्रीसाठी ३ युरो शुल्क घेतले जाते. हॉटेलच्या दरात ते धरले आहे का, हे आरक्षण करतानाच विचारावे.

गाडी स्वतः चालवायची असल्यास भारतीय परवान्याबरोबर आंतरराष्ट्रीय वाहन परवाना न्यावा. तो आपल्या आरटीओमध्ये नमुना ४ अ भरून, १,००० रुपये शुल्क देऊन मिळतो आणि जास्तीत जास्त वर्षभर चालतो. तेथेही वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूनेच चालतात.

नोव्हेंबर ते एप्रिल हा चक्रीवादळांचा काळ असतो. इशारे पहिल्या ते चौथ्या दर्जाचे असतात, आणि तिसऱ्या दर्जाचा इशारा जाहीर झाला की बससेवा व दुकाने बंद होतात आणि बाहेर पडायचे नसते. या काळात जाणाऱ्यांनी विमान रद्द झाल्यास भरपाई देणारा प्रवास विमा घ्यावा. पोलिसांसाठी ९९९, रुग्णवाहिकेसाठी ११४ आणि अग्निशमन दलासाठी ११५ हे क्रमांक यजमानाच्या पत्त्याखाली त्याच छापील कागदावर लिहून ठेवावेत.