पन्नाशीनंतरही माणूस वाढतो, हे मानसशास्त्राला कधी पटलं?

१९०४ साली व्हिएन्नात डॉक्टरांपुढे बोलताना मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइडनं सांगून टाकलं होतं की पन्नाशीच्या आसपास मनाची लवचिकता संपते, म्हाताऱ्यांना काही शिकवता येत नाही. तेव्हा त्याचं स्वतःचं वय अठ्ठेचाळीस होतं. अहम् (मनातला 'मी') आणि पराहम् (त्याच्यावर लक्ष ठेवणारा आतला विवेक) यांची त्याची प्रसिद्ध मांडणी १९२३ मधली, म्हणजे साठी उलटून गेल्यावरची! पण त्याच्या मताला वजन होतं. त्याच १९०४ मध्ये अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली हॉलचा किशोरवयावरचा द्विखंडी ग्रंथ आला आणि अभ्यासकांचं लक्ष पोरवयावरच खिळलं. माणूस घडतो तो लहानपणी, पुढे नुसता झिजतो, असाच एकूण समज होता.

फ्रॉइडचा एकेकाळचा सहकारी, स्विस मानसशास्त्रज्ञ युंग, त्याला हे मान्य नव्हतं. आयुष्याची दुपार सकाळच्या नियमांनी जगता येत नाही, असं त्यानं १९३० च्या सुमारास लिहिलं आणि विचारलं, चाळिशीच्या माणसांसाठी कुठे कॉलेजं आहेत का?

कॉलेज नाही, पण शाळा साताऱ्यात भरली. १९५९ मध्ये जिल्ह्यात ग्राम शिक्षण मोहीम सुरू झाली. शेतातून परतलेली बायामाणसं पाटी घेऊन बसू लागली, गाव साक्षर झालं की ग्रामगौरव समारंभ होई. दोन वर्षांत ही मोहीम राज्यभर गेली. ती चालवणाऱ्यांपुढे युंग नव्हता, निरक्षरता होती. तरीही प्रौढ माणूस शिकू शकतो हे गृहीत धरूनच त्यांनी काम केलं.

मानसशास्त्रात खरा बदल घडवला तो मनोविश्लेषक एरिक एरिक्सननं. १९५० मध्ये त्यानं जन्मापासून मरणापर्यंत आठ टप्पे मांडले आणि प्रत्येक टप्प्यावर एक ओढाताण दाखवली. मधल्या वयातली ओढाताण अशी: पुढच्या पिढीसाठी काही उभं करायचं, की स्वतःतच साचून राहायचं? शेवटची, जगलो ते आपलंच होतं असं म्हणता येणं, की हळहळ. १९६२ मध्ये तो मानवी जीवनचक्रावरच्या परिसंवादासाठी अहमदाबादला आला होता. तिथूनच त्याला गांधीजींच्या १९१८ च्या गिरणी संपाचा ध्यास लागला आणि १९६९ मध्ये त्यावर त्याचं पुस्तक निघालं.

आपल्याकडे एरिक्सनचं नाव निघालं की कुणीतरी चार आश्रम पुढे करतोच. माझ्या मते ही जोडी ओढूनताणून लावलेली आहे. आश्रमव्यवस्था काय करावं ते सांगते, तेही ठरावीक वर्णांतल्या पुरुषांना. सज्जनगडच्या समर्थांनी दासबोधाच्या तिसऱ्या दशकात गर्भवासापासून म्हातारपणापर्यंतचं आयुष्य टप्प्याटप्प्यानं रंगवलं आहे, पण रोख वैराग्याकडे. वयाबरोबर माणसात काही नवं उगवतं का, हा त्यांचा प्रश्नच नव्हता.

एरिक्सनच्या टप्प्यांना साताऱ्यात खरी अडचण येते ती वेगळीच. अपशिंगे मिलिटरीसारख्या फौजींच्या गावांतले जवान पंधरा-सतरा वर्षांची नोकरी करून पस्तिशी-चाळिशीतच पेन्शनवर घरी येतात. ज्या वयात पाश्चात्त्य आराखड्यातला माणूस नोकरीत स्थिरावतो, त्या वयात इथला फौजी दुसऱ्या आयुष्याचा विचार करत पारावर बसलेला असतो. कुणी बँकेच्या दारावर सिक्युरिटीला उभा राहतो, कुणी गोठा काढतो, कुणी भरतीची अकॅडमी काढून पहाटे गावातली पोरं पळवतो. एरिक्सनचा सातवा, म्हणजे पुढच्या पिढीसाठी काही उभं करण्याचा, टप्पा नेमका काय हे या अकॅडमीवाल्याकडे पाहून जेवढं कळतं, तेवढं फळ्यावरच्या आकृतीनं कळत नाही.

आकृतीवरून आठवलं. व्याख्यानांत हमखास दिसणारा, माणसाच्या गरजा पायरीपायरीनं दाखवणारा मानसशास्त्रज्ञ मॅस्लोचा पिरॅमिड मॅस्लोनं काढलेला नाही. १९४३ च्या त्याच्या लेखात गरजांची उतरंड आहे, त्रिकोण मागाहून व्यवस्थापनवाल्यांनी आणला.

'बरं चाललंय' म्हणजे काय, हे मोजायचं कसं, यावर अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कॅरॉल रिफनं १९८९ मध्ये सहा कसोट्या ठेवल्या: स्वतःचा स्वीकार, जिव्हाळ्याची नाती, स्वतःच्या मतानं चालणं, भोवतालचा व्यवहार पेलणं, जगण्याला हेतू आणि वाढत राहणं. तिला जे आढळलं ते गोड नाही. व्यवहार पेलण्याची ताकद वयानुसार वाढते, पण हेतू आणि वाढ उतारवयात खाली येतात. तिनं दोष वयाला दिला नाही. माणसं जास्त जगू लागली, पण समाजाकडे त्यांना द्यायला काम नाही, भूमिका नाही, असं ती म्हणते.

भूमिका मिळाली तर काय होतं, याचा दाखला साताऱ्याच्याच माण तालुक्यात आहे. म्हसवडच्या बायकांनी स्वतःची बँक काढायचं ठरवलं, तेव्हा प्रवर्तक निरक्षर म्हणून रिझर्व्ह बँकेनं पहिला अर्ज नाकारला. बायका लिहा-वाचायला शिकल्या आणि काही महिन्यांनी पुन्हा गेल्या. अधिकाऱ्यांना म्हणाल्या, व्याजाचं गणित घाला, आम्ही तोंडी करतो, तुमच्या साहेबांना कॅल्क्युलेटरशिवाय करायला सांगा. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली.