चेहऱ्याचं सनस्क्रीन: झिंकवालं घ्यावं की जिरणारं?

तालुक्याच्या मेडिकलमध्ये सनस्क्रीन मागितलं की काउंटरवर दोन-तीन ट्यूबा येतात. सगळ्यांवर सूर्याचं चित्र, सगळ्यांवर एसपीएफ (ऊन अडवण्याचा आकडा) ५०, किमतीत मात्र दुपटीचा फरक. दुकानदार विचारतो, "जेल देऊ का क्रीम?" ते नंतर ठरवता येतं. आधी ट्यूब उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचावीत, कारण ऊन अडवणारा पदार्थ कोणता हे तिथंच कळतं. हे पदार्थ दोन जातींचे आहेत. दोन्ही जातींच्या ट्यूबा समोरून सारख्याच दिसतात म्हणून घोळ होतो.

पहिली जात खनिजांची: झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड. ही बारीक पांढरी भुकटी असते, कातडीत विरघळत नाही, वरच बसते. दुकानात याला 'मिनरल' किंवा 'फिजिकल' म्हणतात. दुसरी जात तेलात विरघळून पारदर्शक होणाऱ्या रसायनांची: अ‍ॅव्होबेन्झोन, ऑक्टिनॉक्सेट, ऑक्टोक्रिलीन, ऑक्सिबेन्झोन आणि अलीकडची बेमोट्रिझिनॉलसारखी नावं. याला 'केमिकल' म्हणायची पद्धत पडली आहे, आणि पांढरं न दिसता जिरतं म्हणून 'जिरणारं' तेही हेच. पाकिटावर ही नावं कधी लांबलचक रूपात येतात. ब्युटाइल मेथॉक्सिडायबेन्झॉइलमिथेन असं काही दिसलं की ते अ‍ॅव्होबेन्झोनच, आणि एथिलहेक्झिल मेथॉक्सिसिनामेट म्हणजे ऑक्टिनॉक्सेट. आपल्याकडच्या बऱ्याच ट्यूबांत दोन्ही जाती मिसळलेल्या असतात, त्यामुळे पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात 'विथ झिंक' छापलंय एवढ्यावर ती खनिजवाली समजू नये.

झिंक किरणं आरशासारखी परत फेकतं आणि रसायन ती कातडीत ओढून घेतं, असं मोबाइलवरच्या व्हिडिओंत ठासून सांगतात. ते बरंचसं चूक आहे. अतिनील किरणांच्या बाबतीत झिंक आणि टायटॅनियमही मुख्यतः शोषूनच काम करतात, परत फेकण्याचा भाग थोडा असतो. म्हणजे काम दोघांचं जवळपास एकाच तऱ्हेचं. 'मिनरल लावलं की लगेच उन्हात निघा' हा सल्लाही म्हणून अर्धवट. थर नीट बसायला दोघांनाही वेळ लागतो, पंधरा-वीस मिनिटं आधी लावलेलं बरं.

मग 'केमिकल' चं एवढं भय कुठून आलं? अमेरिकेच्या औषध खात्याने, म्हणजे एफडीएने, २०१९ मध्ये नियमांचा मसुदा काढला. त्यात झिंक आणि टायटॅनियम सुरक्षित व परिणामकारक मानले आणि इतर बारा पदार्थांबद्दल आणखी माहिती मागवली. पाठोपाठ काही रसायनं कातडीतून रक्तात उतरतात हेही मोजलं गेलं. रक्तात सापडलं म्हणजे अपाय झाला असा त्याचा अर्थ होत नाही. त्या खात्यानेही सनस्क्रीन बंद करा असं सांगितलं नाही. अमेरिकेच्या हवाई बेटांवर ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेली सनस्क्रीनं विकायला १ जानेवारी २०२१ पासून बंदी आहे, पण ती समुद्रातल्या प्रवाळांसाठी. आपल्या वर्धा-वैनगंगेत प्रवाळ नाहीत. ऑक्सिबेन्झोन मात्र मी तरी टाळायला सांगेन. त्याची अ‍ॅलर्जी होणारे लोक आहेत, आणि त्याच्याशिवायच्या ट्यूबा आता सहज मिळतात.

खरा फरक पडतो तो चेहऱ्यावर लावल्यानंतर. आपल्या सावळ्या, गव्हाळ कातडीवर झिंक पांढरट-जांभळट उठून दिसतं. "भस्म फासल्यावानी तोंड दिसते वो," असं म्हणून बायका ते दुसऱ्या दिवसापासून बोटाच्या टोकावर घेतात आणि नुसतं चोपडतात. इथंच सगळं फसतं. एसपीएफचा आकडा मोजताना कातडीच्या दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम इतका जाड थर देतात. चेहरा आणि मान मिळून तर्जनी आणि मधलं बोट यांच्यावर लांब रेघ ओढावी इतकं, साधारण एक ग्रॅम. त्याच्या पाव मापात लावलं तर ५० लिहिलेलं सनस्क्रीन ५० चं काम करत नाही, त्याच्या जवळपासही जात नाही. म्हणून कागदावर कितीही चांगलं असलं तरी जे झिंक तुम्ही पुरेसं लावणारच नाही, त्यापेक्षा दोन बोटं भरून लावाल ते जिरणारं जेल चांगलं. माझं मत विचाराल तर निवडीत पहिला नंबर याच गोष्टीचा.

घाम ही दुसरी गोष्ट. एप्रिल-मे महिन्यात पांढरकवड्याकडे किंवा ब्रह्मपुरीकडे दुपारी कोणी सांगूनही वावरात जात नाही, पण तेंदूपानाचा हंगाम नेमका तेव्हाच येतो, आणि आशाताईंनाही घरोघर फिरावंच लागतं. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरला की जिरणाऱ्या सनस्क्रीनमधली रसायनं चांगलीच झोंबतात. झिंक तेवढं झोंबत नाही. त्यामुळे कपाळ आणि डोळ्यांभोवती झिंकवालं, बाकी चेहऱ्याला जेल, अशी वाटणी करायला हरकत नाही. दुपट्ट्याने घाम पुसताना दोन्ही निघून जातात. पुसण्याऐवजी कापड टेकवून घाम टिपावा आणि दोन तासांनी पुन्हा लावावं. वावरात ट्यूब कोण नेणार, हा प्रश्न रास्त आहे. निदान जेवणाच्या सुट्टीत चेहरा धुऊन एकदा लावता आलं तरी पुष्कळ.

दुपट्ट्यावरून आणखी एक आठवलं. अ‍ॅव्होबेन्झोन लागलेला पांढरा दुपट्टा किंवा सदऱ्याची कॉलर लोह जास्त असलेल्या बोअरच्या पाण्यात धुतली की तांबूस-पिवळे डाग पडतात. ब्लीचिंगने ते आणखी पक्के होतात. डाग पाहून क्रीममध्ये भेसळ असल्याची शंका घेणारे भेटतात. तसं काही नसतं, लोहाशी त्याची रासायनिक क्रिया होते एवढंच. अ‍ॅव्होबेन्झोनचा दुसरा गुण वाईट आहे: उन्हात ते स्वतःच विघटित होत जातं. म्हणून त्याच्यासोबत यादीत ऑक्टोक्रिलीन किंवा बेमोट्रिझिनॉल आहे का ते बघावं. अ‍ॅव्होबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट एवढीच जोडी दिसली तर ट्यूब परत द्यावी, कारण ती दोघं एकमेकांना आणखी लवकर निकामी करतात.

वांग असलेल्यांनी

गालांवर आणि ओठाच्या वर तपकिरी डाग येतात, त्याला आपण वांग म्हणतो. बाळंतपणाच्या आसपास किंवा पाळणा लांबवायच्या गोळ्यांवर असताना ते वाढतं. वांगाच्या बाबतीत झिंक आणि रसायन दोन्ही अपुरी पडू शकतात, हे दुकानात कोणी सांगत नाही. सावळ्या कातडीत वांग नुसत्या अतिनील किरणांनी वाढत नाही, डोळ्यांना दिसणाऱ्या साध्या उजेडानेही गडद होतं. जिरणारं सनस्क्रीन पारदर्शक असतं, म्हणजे हा उजेड त्यातून सरळ आत जातो. अतिबारीक केलेलं, पांढरं न दिसणारं झिंकही त्याला फारसं अडवत नाही. त्याला अडवतात लोहाची ऑक्साइडं. ट्यूबच्या यादीत 'आयर्न ऑक्साइड' आणि समोर 'टिंटेड' असं लिहिलेलं असेल ते मातकट रंगाचं सनस्क्रीन वांगासाठी घ्यावं. झिंकचा पांढरेपणा त्या रंगात झाकलाही जातो, हा फायदा वेगळा. अडचण एकच, बाजारातल्या बहुतेक छटा गोऱ्या चेहऱ्याच्या मापाच्या असतात. घेण्यापूर्वी जबड्याच्या कडेला लावून दुकानाबाहेर उजेडात आरशात बघा.

चुलीच्या धगीने वांग वाढतं, असं जुन्या बायका सांगतात आणि त्वचेचे डॉक्टरही उष्णता टाळायला सांगतात. त्या धगीवर कुठल्याच ट्यूबचा इलाज नाही.

इथं कॅलामाइनचा एक गैरसमजही काढून टाकतो. ते गुलाबी लोशन झिंक ऑक्साइड आणि थोडं लोह ऑक्साइड मिळून होतं, म्हणून ते लावलं की सनस्क्रीन लावल्यासारखंच, असं पुष्कळांना वाटतं. साध्या कॅलामाइनचा एसपीएफ तपासलेला नसतो आणि वाळल्यावर ते पापुद्र्याने झडतं. घामोळ्यांसाठी ठीक आहे.

मुरूम, कोरडी कातडी आणि ती 'गोरी करणारी' मलमं

तेलकट चेहरा आणि मुरूम असतील तर जेल किंवा पाणीदार लोशन घ्यावं. ते बहुतेक रसायनवालंच असतं आणि त्यात वावगं काही नाही. जाडसर झिंक क्रीममुळे मुरूम वाढले तर दोष झिंकपेक्षा क्रीमच्या तेलकटपणाचा असायची शक्यता जास्त. उलट डिसेंबरात कातडी फुटते तेव्हा जेल ताणल्यासारखं वाटतं, तेव्हा क्रीम. लवकर लाल होणारा, आग होणारा चेहरा असेल, किंवा गरोदरपण असेल तर झिंकवालं निवडावं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला काहीच लावू नये, सावलीत ठेवावं.

"मला कोणतंच सनस्क्रीन मानवत नाही, सगळ्यांनी आग होते," असं म्हणणाऱ्यांना एक विचारावं: चेहऱ्याला आणखी काय लावता? गावोगावी अजूनही स्टिरॉइड असलेली मलमं गोरेपणासाठी लावतात. अशा अनेक मलमांची चिठ्ठीशिवाय विक्री करायला २०१८ पासून मनाई आहे, तरी ती मिळतात. त्यांनी कातडी पातळ होते, शिरा दिसायला लागतात, ऊन सोसत नाही, आणि मग झिंक लावा की जेल, झोंबणारच. तिथं ट्यूब बदलत बसण्यापेक्षा त्वचेच्या डॉक्टरांकडे जावं. मलमही एकाएकी बंद न करता त्यांच्या सांगण्यानेच उतरवावं, कारण अचानक सोडलं की चेहरा भडकतो.

कोणत्याही जातीचं घ्या, आकडे दोन बघायचे. एसपीएफ प्रामुख्याने चेहरा भाजणाऱ्या यूव्हीबी या अतिनील किरणांचा. ३० असेल तर ती सुमारे ९७ टक्के अडतात, ५० असेल तर ९८ टक्के. म्हणजे ५० साठी दुप्पट पैसे मोजण्यात फार अर्थ नाही. दुसरा पीए. ही जपानी पद्धत आहे आणि ती काळवंडवणाऱ्या, खोल जाणाऱ्या यूव्हीए किरणांची. पीएपुढे तीन अधिक चिन्हं (+++) तरी हवीत. यूव्हीए काचेतून येतं, एसटीच्या खिडकीशी बसलेल्यालाही लागतं, आणि थंडीत यूव्हीबीइतकं कमी होत नाही. कापूस वेचणीच्या दिवसांतलं ऊन अंगाला बरं वाटतं म्हणून त्या काळात कोणी चेहरा झाकत नाही. पण नोव्हेंबर-डिसेंबरातही आपल्याकडे दुपारचा यूव्ही निर्देशांक (अतिनील किरणांचा जोर सांगणारा आकडा) ३ च्या बराच वर असतो, आणि ३ पासून पुढे संरक्षण घ्यावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. झळ आणि अतिनील किरणं यांचा हिशोब वेगळा आहे. रोवणीच्या दिवसांतल्या पातळ ढगांतूनही बरीच किरणं खाली येतात.

फवारणीच्या दिवशी कापडच बरं. प्रयोगशाळेत कातडीवर केलेल्या चाचण्यांत असं दिसलं आहे की सनस्क्रीनमधली काही रसायनं टू-फोर-डी हे तणनाशक कातडीतून आत जायला मदत करतात. झिंक-टायटॅनियमवाल्या काही सनस्क्रीनच्या बाबतीतही तसं दिसलं आहे. चाचण्या मर्यादित आहेत, पण त्या दिवशी नुसतं कापडावर भागवायला काहीच खर्च येत नाही. सनस्क्रीन फवाऱ्यापासून वाचवत नाही हे वेगळं सांगायला नको. मास्क, चष्मा, पूर्ण बाह्या लागणारच, आणि घरी आल्यावर आधी आंघोळ.

आता खर्च. दिवसातून एकदा एक ग्रॅम धरलं तर ५० ग्रॅमची ट्यूब दीड महिना पुरते, दोनदा लावलं तर तीन-चार आठवडे. घरात तिघं लावणार असतील तर हा खर्च मजुरीच्या घरात जड आहे. म्हणून वावरात दिवसभर राबणाऱ्यांनी घट्ट विणीचा, गडद रंगाचा दुपट्टा आणि रुंद काठाची टोपी हा मुख्य बंदोबस्त ठेवावा, आणि उघडं राहणारं नाक, गाल, डोळ्यांखालची जागा एवढ्यालाच भरपूर सनस्क्रीन लावावं. विरळ, झिरझिरीत ओढणीतून ऊन येतं, ती ओली असली तर जास्तच. स्कूटीवरून कॉलेजात जाणाऱ्या मुली स्कार्फ बांधतात तेव्हा डोळ्यांभोवतीची पट्टी तेवढी उघडी राहते, वांग पुष्कळदा तिथूनच दिसायला लागतं.

घेताना पाकिटावर निर्मिती परवाना क्रमांक आणि मुदतीची तारीख बघा. आपल्याकडे सनस्क्रीन सौंदर्यप्रसाधनांच्या नियमांत येतं, आणि बाजाराच्या दिवशी हातगाडीवर मिळणाऱ्या ट्यूबेवर यातलं काही धड वाचता येत नाही. घरी आणल्यावर टिनाच्या छपराखाली किंवा स्कूटीच्या डिकीत ठेवू नका. मे महिन्यात तिथं ती तापून आतलं तेल-पाणी वेगळं होतं. दाबल्यावर आधी पाणी आणि मग घट्ट गोळा निघाला तर ती फेकून द्या. रात्री टिंटेड किंवा झिंकवालं नुसत्या पाण्याने निघत नाही, फेसवॉश किंवा सौम्य साबण लागतो. जेल साध्या धुण्यानेही बरंचसं निघतं, पण 'वॉटर रेझिस्टंट' असेल तर त्यालाही साबणच.